विहिरीच्या काठावरून: थराथरांतून जाणाऱ्या आवाजाचं गणित

मे महिन्यात विहिरीचं पाणी किती खाली गेलं हे बघायला आमच्याकडे अजूनही दोरीला दगड बांधून सोडतात. दोरी कुठपासून ओली झाली ते बघायचं, कोरडी दोरी मोजायची आणि सांगायचं, ‘अकरा परसावर गेलंय.’ हेच काम आवाजानंही होतं. काठावरून टाळी वाजवायची, पाण्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, दोन आवाजांमधला वेळ काढायचा, वेगानं गुणायचं आणि निम्मं करायचं. दोरी पहाटे आणि दुपारी एकच उत्तर देते. टाळी देत नाही. पाणी तसूभर हललेलं नसतानाही दुपारची विहीर पहाटेपेक्षा वीतभर उथळ निघते.

ही वीत कुठून आली हे ज्याला कळलं, त्याचा या विषयातला अर्धा प्रवास झाला. विहिरीतली हवा एकसारखी नसते. वर तापलेली, मधे कोमट, तळाशी गार अशी तिची थप्पी लागलेली असते, आणि आवाज प्रत्येक थरात वेगळ्या वेगानं चालतो.

मी पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. थरांच्या प्रवाही पदार्थांमधून (हवा, पाणी, तेल) आवाज कसा जातो हे पुस्तकातून शिकायला घेतलं की पहिल्याच पानावर लांबलचक डिफरन्शियल इक्वेशन उभं राहतं, आणि मराठी माध्यमातून आलेली हुशार, कष्टाळू मुलं तिथंच पुस्तक मिटतात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण या सगळ्या गणिताच्या मुळाशी दोन थरांच्या बांधावर पाळायच्या दोनच अटी आहेत. त्या दोन अटी हातात आल्या की बाकीचं सगळं हिशेबाचं काम आहे. म्हणून हा लेख समीकरणापासून नाही, विहिरीपासून सुरू करतो.

सोबत लागेल ते एवढंच: बारावीची त्रिकोणमिती, संमिश्र संख्यांची ओळख, दोन-बाय-दोन मॅट्रिक्सचा गुणाकार, आणि एक्सेलसारखी कुठलीही तक्त्याची सोय. मोबाईलवरची चालते. आणि एक वही. वहीशिवाय हा विषय शिकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पायरी पहिली: प्रत्येक थराला त्याचा वेग द्या

हवेतल्या आवाजाचा वेग सर्वांत आधी न्यूटननं गणितातून काढला, १६८७ साली. उत्तर प्रत्यक्षापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आलं. त्यानं धरलं होतं की हवा दाबली-सुटली तरी तिचं तापमान तेच राहतं. १८१६ साली लाप्लासनं चूक दाखवली: आवाजाची लाट इतक्या झपाट्यानं जाते की दाबलेल्या हवेतली उष्णता बाहेर निसटायला वेळच मिळत नाही, हवा क्षणभर तापते आणि जास्त ताठ होते. वेगाला १.४ च्या वर्गमूळानं गुणावं लागतं. ही दुरुस्ती केली की हिशेब जुळतो.

आपल्याला वापरायचं सूत्र असं:

हवेतला वेग = ३३१.३ × वर्गमूळ (१ + तापमान ÷ २७३.१५)

तापमान सेल्सिअसमध्ये, वेग मीटर दर सेकंदाला. यात हवेचा दाब कुठंच नाही. दाब वाढला तर घनताही त्याच प्रमाणात वाढते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून हवेचे थर पाडायचे ते तापमानावरून. एका अंशाला वेग साधारण ०.६ नं वाढतो, हे तोंडपाठ करून ठेवा.

पाण्याचं वेगळं. गोड्या पाण्यात २५ अंशांना आवाज १४९७ मीटर दर सेकंदाला जातो, ३० अंशांना १५०९. म्हणजे अंशाला जवळजवळ अडीच मीटर. ही वाढ कायम टिकत नाही. साधारण ७४ अंशांना वेग शिगेला पोचतो आणि पुढं घटायला लागतो. आपल्या तलावांना त्याची फिकीर नाही. पाण्यातला वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. कोलाडॉन आणि स्टर्म यांनी एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी वर दारूचा भडका केला, आणि १३ किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या दुसऱ्या होडीत भडका दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला. उत्तर आलं १४३५, पाणी ८ अंशांचं. आजच्या आकड्यापेक्षा फक्त चार-पाच मीटरनं कमी. दोन होड्या, एक घंटा आणि एक घड्याळ एवढ्यावर! मुलांना मी हा प्रयोग दरवर्षी सांगतो.

पायरी दुसरी: वेग नाही, वेळ बेरजेत घ्या

आता विहिरीकडे या. समजा पाणी काठापासून २० मीटरवर आहे. मे महिन्यातली दुपार. वरचे ५ मीटर ४० अंशांचे, पुढचे ५ मीटर ३४ अंशांचे, खालचे १० मीटर २८ अंशांचे. पहिल्या पायरीच्या सूत्रानं वेग निघतात ३५४.७, ३५१.३ आणि ३४७.९. प्रत्येक थराची जाडी त्याच्या वेगानं भागा:

५ ÷ ३५४.७ = ०.०१४१० सेकंद
५ ÷ ३५१.३ = ०.०१४२३ सेकंद
१० ÷ ३४७.९ = ०.०२८७४ सेकंद

बेरीज ०.०५७०७. जाऊन-येऊन ०.११४१४ सेकंद.

पहाटे चित्र बदलतं. रात्रभर गार झालेली हवा जड असते, ती विहिरीत उतरते आणि आतली ऊबदार हवा वर ढकलते. थर मोडतात. समजा सगळी हवा २६ अंशांची झाली. वेग ३४६.७, एका बाजूचा वेळ ०.०५७६९. कुणी दोन्ही वेळेला डोळे झाकून ३४७ नं गुणलं तर पहाटे २०.०२ मीटर येतं आणि दुपारी १९.८०. ही बघा आपली वीत.

दिवसा मात्र थर टिकून राहतात, कारण गार जड हवा खाली आणि तापलेली हलकी हवा वर ही रचना आपण होऊन ढवळली जात नाही. म्हणून विहीर ही थरांची आयती प्रयोगशाळा आहे.

नवशिक्यांची इथं एक ठरलेली चूक होते. ते तीन वेगांची सरासरी काढतात. या उदाहरणात वेग जवळजवळ असल्यानं ती खपून जाते. पण २० मीटर हवेखाली १० मीटर पाणी धरून तळापर्यंतचा वेळ काढायचा असेल तर? जाडीनुसार साधी सरासरी ७३० च्या वर जाते. खरा वेळ मोजला तर २० ÷ ३५० अधिक १० ÷ १४९७ म्हणजे ०.०६३८ सेकंद, आणि ३० मीटरला सरासरी वेग पडतो फक्त ४७०. लातूरहून नांदेडला जाताना अर्धा रस्ता खड्ड्यांचा असला की एकूण सरासरी का कोसळते, तेच हे. वेळ हळू थरात जातो, म्हणून बेरीज वेळेचीच.

प्रत्यक्ष करून बघणार असाल तर कठडा असलेली विहीर निवडा आणि एकटे जाऊ नका. मोबाईल साधारणपणे सेकंदाला ४४,१०० नमुने टिपतो, म्हणजे दोन नमुन्यांमध्ये आवाज ८ मिलिमीटर चालतो. अचूकतेला ते पुरेसं आहे. रुंद विहिरीत भिंतींवरूनही प्रतिध्वनी येतात आणि आलेख गढूळ होतो. त्या मानानं साडेसहा इंची बोअर फार स्वच्छ. तेवढ्या नळीत साधारण १२०० हर्ट्झच्या खालचा आवाज फक्त सरळ खाली-वर जाऊ शकतो, आडव्या उड्या मारत टिकू शकत नाही. एका मितीचं गणित शिकायला बोअरसारखी जागा नाही.

पायरी तिसरी: बांधावरच्या दोन अटी

आतापर्यंत आवाज एका थरातून दुसऱ्यात जातो एवढंच धरलं. सगळाच जातो का? पाण्यावरून प्रतिध्वनी येतो म्हणजे काही परत फिरतो. किती, ते इथं ठरतं.

दोन थरांमधली सीमा म्हणजे दोन वावरांमधला बांध समजा. बांधाला स्वतःची जाडी नाही, वजन नाही. मग पहिली अट: बांधाच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा. नसता तर वजन नसलेला बांध अमर्याद वेगानं फेकला गेला असता. दुसरी अट: दोन्ही बाजूंचे कण बांधाला लंब दिशेनं सारख्याच वेगानं हलणार. नाहीतर मधे पोकळी पडेल किंवा एक पदार्थ दुसऱ्यात घुसेल. लक्षात घ्या, हा कणांचा हलण्याचा वेग आहे, आवाजाचा नाही. या दोन वेगांची गल्लत पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच होते.

दाब आणि कणांचा वेग यांना जोडणारी राशी म्हणजे इम्पिडन्स, मराठी पुस्तकांत ध्वनी-संरोध. एकाच दिशेनं जाणाऱ्या लाटेसाठी:

झ = घनता × आवाजाचा वेग, आणि कणांचा वेग = दाब ÷ झ

येणाऱ्या लाटेचा दाब १ माना, परतणाऱ्या लाटेचा प, पुढं जाणाऱ्या लाटेचा पु. पहिल्या अटीवरून १ + प = पु. परतणारी लाट उलटी चालते म्हणून तिच्या कणवेगाला वजा चिन्ह, आणि दुसऱ्या अटीवरून (१ − प) ÷ झ१ = पु ÷ झ२. दोन समीकरणं, दोन अज्ञात. वहीत सोडवा:

प = (झ२ − झ१) ÷ (झ२ + झ१)
पुढं गेलेली ऊर्जा = ४ × झ१ × झ२ ÷ (झ१ + झ२)²

आकडे घालू. ३० अंशांच्या हवेची घनता १.१६५ आणि वेग ३४९, झ येतो ४०७. पाण्याची घनता ९९७, वेग १४९७, झ जवळजवळ १४ लाख ९२ हजार. गुणोत्तर सुमारे ३,६७०. पुढं गेलेली ऊर्जा निघते ०.११ टक्का. हजारातला एक भाग पाण्यात शिरतो, बाकी सगळा वर येतो. आड-विहिरीत हाक मारली की ती इतकी ठणठणीत परत का येते, त्याचं उत्तर हे.

आता स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. भांड्यात पाणी, त्यावर करडईच्या तेलाचा थर. खाद्यतेलाची घनता साधारण ९२०, आवाजाचा वेग साधारण १४५०, झ सुमारे १३ लाख ३० हजार. पाण्याशी तुलना केली तर प येतो ०.०५७, आणि परतणारी ऊर्जा म्हणजे त्याचा वर्ग, ०.३ टक्का. डोळ्याला तेल-पाण्याची रेघ ठळक दिसते, आवाजाला ती जवळपास दिसतच नाही. आवाजाला सीमा दिसते ती फक्त झ बदलला तर.

आणखी एक गोष्ट याच सूत्रातून काढून घ्या. पाण्याखालून हवेकडे येणाऱ्या लाटेसाठी झ१ मोठा, झ२ नगण्य, प जवळजवळ उणे एक. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर दाबाची बेरीज शून्य. वरून येताना मात्र प अधिक एक, आणि दाब दुप्पट. बांध तोच, पण कोणत्या बाजूनं आलात त्यावर चिन्ह ठरतं. तळ्यातल्या आवाजाचा कुठलाही पुढचा हिशेब ‘पृष्ठभागावर दाब शून्य’ इथूनच सुरू होतो.

पायरी चौथी: तिरपा आवाज

लाट तिरपी आली तर एकच नवी गोष्ट लागते: बांधाच्या रेषेत दोन्ही बाजूंच्या लाटांचे शेंडे एकमेकांशी जुळलेले राहिले पाहिजेत. त्यातून स्नेलचा नियम निघतो:

साईन (कोन१) ÷ वेग१ = साईन (कोन२) ÷ वेग२

कोन लंबापासून मोजायचा. मागच्या पायरीतली सगळी सूत्रं तशीच वापरायची, फक्त झ च्या जागी झ ÷ कोसाईन (कोन) घालायचा.

पैठणला नाथसागराच्या काठावर उभं राहून ओरडलात तर? हवेत ३४९, पाण्यात १४९७. भागाकार ०.२३३, त्याचा कोन साडेतेरा अंश. याहून तिरपा येणारा आवाज पाण्यात लाट म्हणून शिरूच शकत नाही, सगळा परततो. काठावरून दूरच्या पाण्याकडे मारलेली हाक नेहमीच याहून खूप तिरपी असते. पृष्ठभागाच्या लगेच खाली दाब जाणवतो, पण तो खोलीबरोबर झपाट्यानं विरतो.

गणितात हे असं दिसतं: कोन२ चा साईन एकाहून मोठा येतो, मग कोसाईन काल्पनिक होतो. घाबरू नका, हिशेब चुकलेला नसतो. वर्गमूळाची दोन चिन्हं शक्य असतात. त्यातलं लाट खोलवर विरत नेणारं चिन्ह घ्यायचं. दुसरं घेतलंत तर तळाकडे आवाज वाढत जाताना दिसेल.

पायरी पाचवी: थप्पीचा हिशेब

इथं थोडं थांबून, सावकाश वाचा. सगळ्या विषयाचा गाभा इथं आहे.

एका बांधाचं जमलं. पण तीन, दहा, शंभर थर असतील तर? प्रत्येक थरात एक लाट खाली जाते, एक वर येते, प्रत्येक बांधावर पुन्हा फाटे फुटतात. एकेका प्रतिध्वनीचा माग काढायला गेलात तर हिशेब कधीच संपणार नाही. मी विद्यार्थी असताना तसंच करायचो आणि चार थरांतच अडकायचो.

सुटका अशी की लाटा मोजायच्याच नाहीत. थराच्या वरच्या टोकाला फक्त दोन आकडे ठेवायचे, दाब आणि कणांचा उभा वेग. बांधावर बदलत नाहीत ते हेच दोन, मग बांध ओलांडताना काही करावंच लागत नाही. काम उरतं ते एका थराच्या आत, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. थरात खाली जाणारी आणि वर येणारी लाट मिळून दाब आणि वेग कसे बदलतात हे लिहिलं की ही मॅट्रिक्स मिळते:

पहिली ओळ: कोसाईन फ, इ × झ × साईन फ
दुसरी ओळ: इ × साईन फ ÷ झ, कोसाईन फ

इ म्हणजे उणे एकचं वर्गमूळ. फ म्हणजे थर ओलांडताना लाट किती फिरली ते: २ × पाय (π) × जाडी ÷ तरंगलांबी, आणि तिरपी लाट असेल तर त्याला कोसाईन (कोन) नं गुणायचं. खालच्या टोकाच्या दोन आकड्यांना ही मॅट्रिक्स लावली की वरच्या टोकाचे दोन आकडे मिळतात. दहा थर असतील तर दहा मॅट्रिक्स, वरून खाली ज्या क्रमानं थर आहेत त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडे लिहून गुणायच्या. संपूर्ण थप्पीची एकच मॅट्रिक्स होते. तिचे चार आकडे अ, ब, क, ड असतील आणि सगळ्यात खालच्या अथांग थराचा इम्पिडन्स झश असेल, तर वरून बघणाऱ्याला अख्ख्या थप्पीचा इम्पिडन्स दिसतो:

झथप्पी = (अ × झश + ब) ÷ (क × झश + ड)

आणि हा झथप्पी तिसऱ्या पायरीतल्या सूत्रात झ२ च्या जागी घातला की परत येणारा आवाज निघाला. शंभर थर आणि शेवटी पुन्हा तेच दोन वावरांचं सूत्र! मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत वेगवेगळ्या थप्प्या घालून बघत बसलो होतो.

याच पद्धतीनं दोन सारख्या प्रवाही पदार्थांमध्ये एक थर अडकला असेल तर पार जाणारी ऊर्जा काढून बघा. बाहेरचा इम्पिडन्स झ, मधल्याचा ठ:

पार ऊर्जा = १ ÷ [१ + ¼ × (झ ÷ ठ − ठ ÷ झ)² × (साईन फ)²]

जाडी अर्ध्या तरंगलांबीएवढी असेल तर साईन शून्य, आणि थर कितीही वेगळा असला तरी आवाज पूर्ण पार. थर आहे, पण नसल्यासारखा.

उलट टोकाचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं. सोनोग्राफी करताना पोटावर गार जेल का लावतात? समजा जेल नाही आणि यंत्र व त्वचा यांच्यामध्ये हवेचा एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा पापुद्रा राहिला. दोन्ही बाजूंचे इम्पिडन्स सोपेपणासाठी पाण्याएवढे माना. आवाज ३० लाख हर्ट्झचा, हवेतली तरंगलांबी ०.११७ मिलिमीटर. फ येतो ०.०५४. साईनचा वर्ग ०.००२९, अगदी चिमूटभर. पण झ ÷ ठ आहे ३,६०० च्या घरात, त्याचा वर्ग एक कोटीच्या पुढे. गुणाकार सुमारे ९,३००. म्हणजे दहा हजारातला जेमतेम एक भाग पार. केसाहून कितीतरी पातळ हवा आवाज अडवते. जेल हवेला हुसकून लावतं, आणि जेलचा झ शरीराच्या जवळचा असतो. बस, एवढंच.

एक सावधगिरी. मराठवाड्यात ‘थर’ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतात ते बेसाल्टचे, वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यात दिसणारे. त्यांना ही दोन-बाय-दोन मॅट्रिक्स लावू नका. घन पदार्थात दाबाच्या लाटेबरोबर आडव्या घसरणीची लाटही चालते, बांधावर दोनऐवजी चार राशी जुळवाव्या लागतात आणि मॅट्रिक्स चार-बाय-चार होते. भूकंपलहरींसाठी थॉमसननं १९५० मध्ये आणि हॅस्केलनं १९५३ मध्ये तीच वाट घातली. आपण हवा, पाणी, तेल इथवरच.

पायरी सहावी: उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

तक्त्यात आकडे आले म्हणजे बरोबर आले असं नाही. मी मुलांकडून चार गोष्टी करून घेतो आणि त्या होईपर्यंत पुढचं पान उलटू देत नाही. प्रत्येक मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट १ आहे का? थराची जाडी शून्य केली की तो थर उत्तरातून नाहीसा होतो का? एकाच थराचे मधोमध दोन तुकडे करून मोजलं तर उत्तर तेच येतं का? आणि परतलेली ऊर्जा अधिक पार गेलेली ऊर्जा बरोबर एक होते का? शेवटची बेरीज एकाहून जास्त आली तर बहुतेक वेळा कोन अंशांत दिलेला असतो आणि एक्सेल रेडियन मागत असतं, किंवा इ चं चिन्ह एका ठिकाणी अधिक आणि दुसऱ्या ठिकाणी उणे पडलेलं असतं.

याहून खोल अडचण येते ती विरणाऱ्या लाटांच्या जाड थरात. तिथं मॅट्रिक्समधले आकडे घातांकानं फुगतात. संगणक पंधरा-सोळा अंक सांभाळतो. घातांक ३६ च्या आसपास गेला की खरी माहिती त्या फुगवट्यात वाहून जाते. अशा वेळी मॅट्रिक्स गुणू नका. तळापासून सुरुवात करा आणि एकेका थरासाठी झथप्पीचं सूत्र लावत वर या. त्यात भागाकार असल्यामुळं फुगवटा कटतो. मी तर नवशिक्यांना सुरुवातीपासून हीच सवय लावतो.

पायरी सातवी: पहाटेचा काकडा

आता थर इतके पातळ करा की पायऱ्या दिसेनाशा होतील आणि वेग सावकाश, सलग बदलत जाईल. स्नेलचा नियम प्रत्येक पातळ थराला लावत गेलं की आवाजाचा मार्ग वाकतो, आणि नेहमी कमी वेगाच्या बाजूला वाकतो. वेग उंचीबरोबर एकसारखा बदलत असेल तर हा मार्ग वर्तुळाचा कंस असतो. जवळपास आडव्या निघालेल्या आवाजासाठी त्याची त्रिज्या:

त्रिज्या = वेग ÷ (एका मीटर उंचीला होणारा वेगातला बदल)

हिवाळ्यात शेजारच्या गावी हरिनाम सप्ताह असला की पहाटेचा काकडा आपल्या अंगणात असल्यासारखा ऐकू येतो. टाळ वेगळे, मृदंग वेगळा. त्याच कर्ण्यावरून दुपारी चाललेलं भजन मात्र गावाच्या शिवेवरही पोचत नाही. लोक म्हणतात, पहाटे शांतता असते म्हणून. शांतता असतेच, पण खरं कारण थरांत आहे.

निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडून गार होते आणि तिला लागून असलेली हवाही. वर जावं तसं तापमान वाढतं. समजा ५० मीटरमध्ये ५ अंश. वेगातला फरक ३ मीटर दर सेकंद, म्हणजे मीटरमागे ०.०६. वेग ३४५ धरला तर त्रिज्या ५,७५० मीटर. आवाज वर निघतो, वाकतो आणि जमिनीवर परत येतो. ५० मीटरच्या आत वळून यायचं तर निघतानाचा कोन आडव्यापासून साडेसात अंशांपर्यंत चालतो. तेवढ्या कोनातला आवाज दीड किलोमीटरवर उतरतो, तिथून उसळतो आणि पुन्हा तेवढाच पुढं जातो. वर निसटून जाणारा आवाज जमिनीलगत कोंडला जातो.

दुपारी सगळं उलटं. जमीन तापलेली, वर हवा गार. समजा १० मीटरमध्ये २ अंशांची घट. मीटरमागे ०.१२, त्रिज्या साधारण २,९६० मीटर, पण वळण वरच्या दिशेला. आवाज जमीन सोडून वर जातो आणि खाली सावली पडते. सावली कुठं सुरू होते ते काढता येतं:

अंतर = वर्गमूळ (२ × त्रिज्या × कर्ण्याची उंची) + वर्गमूळ (२ × त्रिज्या × कानाची उंची)

कर्णा ५ मीटरवर, कान दीड मीटरवर: १७२ अधिक ९४, म्हणजे सुमारे २६६ मीटर. त्यापलीकडे सरळ आवाज पोचत नाही, कर्ण्याचा आवाज कितीही वाढवा. जे थोडं ऐकू येतं ते हवेच्या खळबळीतून विखुरलेलं असतं. कर्णा १० मीटरवर चढवला तर सावली साधारण ३४० मीटरपर्यंत मागं सरते. आवाज वाढवण्यापेक्षा कर्णा उंच बांधणं जास्त उपयोगी, हे गावातल्या मांडववाल्यांना कुठल्याही सूत्राशिवाय ठाऊक असतं.

तलावात हेच गणित उताणं होतं. उन्हानं वरचं पाणी ३० अंश, खालचं २५. वरचा वेग १५०९, खालचा १४९७, म्हणून आवाज खाली वाकतो. समुद्रात गार पाण्यामुळं घटणारा वेग आणि खोलीच्या दाबामुळं वाढणारा वेग यांच्या मधे एक कमी वेगाचा पट्टा तयार होतो आणि त्यात अडकलेला आवाज हजारो किलोमीटर जातो. मराठवाड्याला समुद्र नाही. पण काकड्याच्या पहाटेचं गणित ज्यानं वहीत सोडवलं, त्याला तो पट्टा नवा वाटणार नाही.

वाऱ्याचा हिशेब राहिला. वारा आवाजाच्या दिशेनं असेल तर त्याचा वेग आवाजाच्या वेगात मिळवा, विरुद्ध असेल तर वजा करा. जमिनीलगत वारा मंद असतो आणि वर वाढत जातो, त्यामुळं वारा स्वतःच थर तयार करतो. वाऱ्याबरोबर येणारा आवाज खाली वाकतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो. १० मीटर उंचीपर्यंत वारा २ मीटर दर सेकंदानं वाढला तर मीटरमागे ०.२ झाले, दुपारच्या तापमानापेक्षा जास्त. म्हणून पहिला प्रयोग वारा पडलेल्या पहाटेच करा: दोन साधे तापमापक, एक गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि एक गच्चीवर, दोन्ही सावलीत. वहीत पाच रकाने आखा: वेळ, खालचं तापमान, वरचं तापमान, वारा कुठून, आणि शेजारच्या गावचा कर्णा ऐकू येतो की नाही. पहाटे पाच, सकाळी नऊ, दुपारी दोन आणि रात्री दहा, असे आठ दिवस. सकाळी सूर्य कासराभर वर आल्यावर एका ठराविक सुमारास तो कर्णा एकदम विरतो. त्या वेळचे दोन्ही तापमापकांचे आकडे वहीत आवर्जून लिहा.